दवाखान्याला दुसरे दार हवे

नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या सरकारी कलादालनात एक लिलाव झाला. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या किन्टोर आणि किविरकुरा या गावांतल्या पिंटुपी आदिवासींनी, बायकांनी आणि पुरुषांनी, एकत्र बसून रंगवलेली चार मोठी चित्रे त्यात होती. लिलावातून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली आणि ती डायलिसिससाठी होती. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-पाच तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. यंत्र होते ॲलिस स्प्रिंग्सला, म्हणजे किन्टोरपासून पाचशेहून जास्त किलोमीटरवर, बहुतेक वाट कच्ची. एवढी ये-जा कोणालाच शक्य नाही. तेव्हा आजार झाला की गाव सोडायचे, नातवंडे सोडायची आणि दुसऱ्या जमातीच्या मुलखात, शहराच्या कडेला कुठेतरी दिवस काढायचे, हाच रिवाज पडला होता. इतक्या आडरानात डायलिसिस होणे नाही, हे सरकारी उत्तर ऐकून झाल्यावर म्हाताऱ्यांनी कुंचले हाती घेतले. २००४ मध्ये किन्टोरला डायलिसिस सुरू झाले.

एका श्रीमंत देशाच्या नागरिकांना उपचारासाठी चित्रे विकावी लागली, याची लाज त्या देशाने वाटून घ्यावी. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. पैसा स्वतःचा असल्यावर या लोकांनी जे उभे केले, ते इस्पितळासारखे दिसतच नव्हते. ॲलिस स्प्रिंग्समध्ये त्यांनी एक साधे राहते घर घेतले. ते जांभळ्या रंगाचे, म्हणून ‘पर्पल हाउस’. आत डायलिसिसच्या खुर्च्या आणि मागच्या अंगणात शेकोटी. निखाऱ्यात कांगारूची शेपटी भाजली जाते, कोणी रानातल्या पाल्याचे मलम करत बसलेले असते आणि आपला नंबर यायचा माणूस धुळीतच बैठक मारून गप्पा हाणत असतो. पुढे डायलिसिसची सोय बसवलेला ट्रकही आला. शहरात अडकलेल्या रुग्णाला चार दिवस आपल्या गावी, आपल्या माणसांत जाऊन येता यावे म्हणून.

दुर्गम आदिवासी वस्त्यांसाठी ‘संस्कृतीला साजेसे’ दवाखाने कसे बांधावेत, यावर ऑस्ट्रेलियात बरेच बोलले जाते. वास्तुविशारद बोलतात, आरोग्य खाती बोलतात, विद्यापीठांत प्रबंध होतात. त्यातून प्रत्यक्षात बरेचदा हाती लागते ते म्हणजे प्रवेशद्वाराजवळ ठिपक्यांचे एक भित्तिचित्र आणि स्वागताची पाटी. चित्राला माझा विरोध नाही. पण संस्कृती ही भिंतीवर रंगवण्याची गोष्ट आहे, असे धरून चालले की खरे प्रश्न बाजूला पडतात. नकाशाला नकार देण्याचा अधिकार कोणाला? पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो? आणि सहा महिन्यांनी नळ गळायला लागला तर दुरुस्तीला कोण येणार, कुठून येणार?

प्रतीक्षाकक्षाचेच उदाहरण घ्या. साधारण नमुना असा की दार एक, खोली एक, भिंतीलगत ठोकून बसवलेल्या खुर्च्या आणि हाडे गोठवणारा एसी. कान वाहतोय म्हणून पोराला घेऊन एक तरुण बाप आत येतो. समोरच्या खुर्चीवर त्याची सासू. वाळवंटातल्या बऱ्याच जमातींत जावयाने सासूच्या समोर यायचे नसते, बोलायचे नसते, एका खोलीत बसायचे नसते. भांडण नाही, उलट हाच आदर. (आपल्याकडे जावयाला पाट-रांगोळी करून बसवतात, तिथे मान अंतर राखून दिला जातो.) तो पोराला घेऊन मागे फिरतो. रजिस्टरमध्ये नोंद होते, ‘आला नाही’. अशा नोंदी साठत जातात आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्यांचे वाक्य बनते: या समाजात आरोग्याविषयी अनास्था आहे.

याला इलाज फार महाग नाही. दुसरे दार. बसायला बाहेर सावली, तीही एका जागी नको, दोन-तीन ठिकाणी हवी. आत कोण बसले आहे ते लांबूनच दिसेल अशी जाळी किंवा खिडकी, म्हणजे आत शिरायचे की थोडे थांबायचे हे माणसाला आधीच ठरवता येते. बायकांच्या तपासणीची वाट निराळी आणि पुरुषांची निराळी, कारण या समाजांत बायकांचे आणि पुरुषांचे व्यवहार धर्मानेच वेगळे आहेत. आणि गुप्तरोगाच्या तपासणीच्या खोलीवर पाटी लावू नये, हे सांगायला तर मानववंशशास्त्रज्ञ लागत नाही. तीनशे वस्तीच्या गावात त्या दारातून आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत बातमी गावभर झालेली असते.

मृत्यूचा प्रश्न याहून नाजूक. माणूस गेला की ती जागा सोडायची, निदान धुराने शुद्ध केल्याशिवाय तिथे पाऊल ठेवायचे नाही, ही रीत अनेक जमातींत आजही पाळली जाते. मृताचे नावही काही काळ उच्चारत नाहीत. आता दोन खोल्यांच्या दवाखान्यात एकाच खाटेवर कोणी दगावले, तर दुसऱ्या दिवशी तिथे बाळंतपणाच्या तपासणीला कोण येईल? म्हणून नकाशा काढतानाच ठरवावे लागते की मृतदेह कोणत्या वाटेने बाहेर जाईल, पंचवीस-तीस नातेवाईक शोक करायला कुठे बसतील, ओल्या पाल्याचा धूर करायचा झाला तर छतावरचा आगीचा भोंगा तेवढ्या वेळापुरता बंद करता येईल का. भोंग्याचे बटण ही भित्तिचित्राइतकी फोटोत दिसणारी गोष्ट नाही, म्हणून ती राहून जाते.

यावर लगेच एक आदर्श नमुना करून सगळीकडे बसवावा, असा मोह खात्यांना होतो. तोच चुकीचा. गोरे लोक आले तेव्हा या खंडात अडीचशेच्या वर भाषा होत्या. वाळवंटातल्या पिंटुपींना जे रुचते ते उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या योल्ङूंना रुचेलच असे नाही, आणि टोरेस सामुद्रधुनीतली बेटे तर वेगळीच दुनिया. शिवाय आजचे आदिवासी काही संग्रहालयात राहत नाहीत. एखाद्या गावातल्या बायका म्हणतील, आम्हाला शेकोटी नको, चांगला एसी आणि कुलूप लागणारे संडास द्या. तेही त्यांचेच म्हणणे. ते ऐकायचे नाही आणि आम्हीच ठरवू तुमची संस्कृती कोणती, हा जुनाच साहेबी खाक्या झाला.

आणि इस्पितळांचा तिथला इतिहास असा आहे की अविश्वास वाटला नसता तरच नवल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यासमोर बर्निअर आणि डोर नावाची दोन ओसाड बेटे आहेत. १९०८ ते १९१९ या काळात, गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून, शेकडो आदिवासी बायका-पुरुषांना शेकडो मैलांवरून धरून आणून तिथल्या ‘इस्पितळां’त डांबले गेले. कित्येकांना साखळ्या घालून आणले होते, आणि बरेच जण परत गेलेच नाहीत. क्वीन्सलंडने १९२८ मध्ये फॅन्टम बेटावर तेच केले. डर्बीजवळचा कुष्ठाश्रम १९३६ ते १९८६ पर्यंत चालला. सरकारी धोरणाने पोरे आईपासून तोडून नेण्याचे जे दशकानुदशके चालले, त्यातही इस्पितळे होती. बाळंतिणीच्या कुशीतून मुले गेली. ज्या आजीने हे पाहिले, ती नातीला दवाखान्यात जाऊ नको म्हणते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्याआधी जरा थांबावे.

याच इतिहासात व्हरांड्याचाही धडा आहे. गेल्या शतकात खेड्यापाड्यांतल्या अनेक इस्पितळांत आदिवासी रुग्णांना मुख्य वॉर्डात जागा नसायची. मागच्या व्हरांड्यात किंवा परसातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांची खाट पडायची. आज वास्तुविशारद मोठ्या आस्थेने सांगतात की आदिवासींना बाहेर, मोकळ्यावर बसायला आवडते, म्हणून आम्ही ऐसपैस व्हरांडा दिला आहे. व्हरांडा तोच. एकेकाळी तो अपमान होता आणि आता सोय आहे, कारण आता तो त्यांनी मागितला आहे. न विचारता दिला असेल, तर म्हातारी माणसे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील ते सांगवत नाही.

म्हणून मला वाटते, चांगल्या इमारतीचे श्रेय नकाशा काढणाऱ्याइतकेच काम देणाऱ्याला द्यावे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागातल्या न्यूमन या खाणगावात मार्टू आदिवासींच्या पुंटुकुर्नु आरोग्य संस्थेचे केंद्र आहे. कौनिट्झ युंग या वास्तुविशारदांनी ते बांधले. भिंती तिथलीच तांबडी माती ठोकून केलेल्या, मधे अंगण, पडद्यांवर मार्टू चित्रकारांचे काम. फोटोत सुंदर दिसते आणि पुरस्कारही मिळाले. पण त्या केंद्राची मालकीण असलेली संस्था मार्टूंची आहे, तिच्या कारभारी मंडळात जिगालाँग, पार्नगुर, पुन्मू अशा दूरच्या वस्त्यांतली माणसे बसतात. त्यांना नको ते नको म्हणता येत होते. हाच नकाशा सरकारी खात्याने परस्पर पास करून बांधला असता, तर मातीच्या भिंतीही नुसती सजावट ठरल्या असत्या.

ही मालकीची कल्पना काही कालपरवाची नाही. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली, स्वयंसेवक डॉक्टरांच्या भरवशावर. प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग हवा, असा अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेचा गाजलेला जाहीरनामा निघायला तेव्हा अजून सात वर्षे होती. १९७३ मध्ये ॲलिस स्प्रिंग्सची ‘काँग्रेस’ ही आदिवासींची आरोग्य संस्था उभी राहिली, आणि आज अशा शंभरच्या वर संस्था देशभर आहेत. तरीही दुर्गम भागातले कित्येक दवाखाने अजून थेट सरकारी खाती चालवतात.

गडचिरोलीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गोंडांना विचारले की इस्पितळात का येत नाही, तेव्हा मिळालेली उत्तरे वैद्यकाच्या पुस्तकात नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून भीती वाटते, मढ्याला आम्ही पांढरे गुंडाळतो. नातेवाइकांना राहू देत नाहीत. ती एवढी मोठी इमारत आमची वाटत नाही. त्यावरून शोधग्रामचे इस्पितळ झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. पण त्याच जिल्ह्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत मात्र कोकणात असते तशीच. विचारून बांधता येते हे ठाऊक असूनही खात्याचा नकाशा बदलत नाही, या बाबतीत आपण ऑस्ट्रेलियाला नावे ठेवायच्या जागी नाही.

बाळंतपणाचेही तसेच. ऑस्ट्रेलियात दुर्गम गावातल्या गरोदर बाईला दिवस भरत आले की शहरात पाठवतात. वसतिगृहात ती दोन-चार आठवडे वाट पाहत बसते. सोबत फार तर एक माणूस, तोही मिळेलच असे नाही. घरी धाकटी पोरे. काही बायका वेळ आली की गायब होतात आणि उशिरा, कळा सुरू झाल्यावर गावच्या दवाखान्यात उगवतात, कारण मग कोणी विमानात घालू शकत नाही. बाळ आपल्या भूमीवर जन्मावे, आजीने पहिल्यांदा हाती घ्यावे, ही इच्छा हट्ट म्हणून नोंदली जाते. महाराष्ट्रात आदिवासी भागात ‘माहेरघर’ योजना आली, तिच्यात निदान लहान मूल आणि सोबतीण घेऊन आरोग्य केंद्राजवळ राहायची सोय धरली आहे. अंमलबजावणीचे काय ते आपण जाणतोच. पण कल्पना तरी घराच्या बाजूने विचार करणारी आहे.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित संस्कृती तीच. १९८० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या अनांगू लोकांच्या न्गानाम्पा आरोग्य परिषदेचे संचालक यामी लेस्टर यांनी तिघांना कामाला लावले: वास्तुविशारद पॉल फोलेरोस, डॉक्टर पॉल टॉर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्याचे स्टीफन रेनो. औषधोपचार चांगले चालले आहेत, तरी माणसे आजारी पडतच आहेत. ते थांबवा, एवढेच सांगणे होते. १९८७ च्या अहवालात या तिघांनी निरोगी जगण्याच्या नऊ गोष्टी क्रमाने लावल्या. पहिली, अंग धुता येणे, विशेषतः लहान मुलांचे. दुसरी, कपडे आणि अंथरुणे धुता येणे. मग घरोघर जाऊन तपासणी सुरू झाली आणि नियम असा ठेवला की नुसते पाहणी करून निघून यायचे नाही. पाना-पकड सोबत, त्याच दिवशी दुरुस्ती करायची. पुढे देशभर हजारो घरे तपासली, तेव्हा सुरुवातीला चालता शॉवर जेमतेम ३५ टक्के घरांत सापडला. लोकच मोडतोड करतात, हा लाडका समज होता. प्रत्यक्षात बिघाडांतला दहावा हिस्साही रहिवाशांच्या माथी मारता येत नव्हता. बाकी सगळे मुळातच वाईट बसवलेले, किंवा कधी कोणी दुरुस्तच न केलेले. जमिनीतले पाणी एवढे क्षारयुक्त की नळ आणि गिझर काही वर्षांत खलास होतात. न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा अशी दुरुस्ती झालेल्या घरांतल्या लोकांचे संसर्गजन्य आजारांसाठी इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघाले.

खरूज, कातडीवरच्या जखमा, त्यांतून येणारा संधिवाताचा ताप आणि त्यातून निकामी होणाऱ्या हृदयाच्या झडपा, ही साखळी श्रीमंत देशांत जवळपास संपलेली. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वस्त्यांत ती जिवंत आहे. तिची सुरुवात न्हाणीघरात होते. म्हणून एखाद्या गावात पुरस्कारयोग्य दवाखाना आणि घरोघर बंद पडलेले शॉवर असतील, तर पैसा चुकीच्या जागी गेला असेच मी म्हणेन. दवाखान्यातच चार चांगली न्हाणीघरे आणि धुलाई यंत्रे गावासाठी खुली ठेवावीत, हीही मागणी मला रास्त वाटते. वास्तुशास्त्राच्या मासिकात त्याचा फोटो छापून येणार नाही, एवढेच.

अशा मोकळ्या नकाशांवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र नर्सच्या सुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्रेगॉन या वस्तीत रात्री ड्युटीवर असलेल्या नर्सचा खून झाला. त्यानंतर कायदा झाला की अवेळी बोलावणे आले तर नर्सने एकटीने जायचे नाही. मोकळे अंगण, अनेक दारे, कुंपण नाही, असा नकाशा पाहून रात्रपाळीच्या बाईला धडकी भरली तर तिचे चूक नाही. भारतातून गेलेल्याही कितीतरी नर्स तिथल्या आरोग्यसेवेत आहेत. त्यांच्या आईबापांना विचारा.

पण नुसत्या गजांनी काय होते तेही नॉर्दर्न टेरिटरीतल्या युएन्दुमू या आदिवासी वस्तीने दाखवले. ९ नोव्हेंबर २०१९ ला नर्सच्या घरांवर झालेल्या चोऱ्यांमुळे दवाखान्याचे कर्मचारी गाव सोडून गेले. त्याच संध्याकाळी पोलिसांनी एका एकोणीस वर्षांच्या तरुणाला गोळ्या घातल्या. दवाखान्याची इमारत शाबूत होती, आत माणूस नव्हता. तो तरुण पोलीस ठाण्यात मेला. यातून मला दिसते ते असे की कर्मचाऱ्यांची घरे हाही दवाखान्याच्या नकाशाचाच भाग आहे, आणि त्यात एक उघड अन्याय आहे. बाहेरून आलेल्या नर्सला सरकारी घर मिळते. गावातच जन्मलेल्या आदिवासी आरोग्य कार्यकर्त्याला, ज्याची देशपातळीवर नोंदणी होते, बहुधा मिळत नाही. तो दहा-पंधरा जणांच्या घरात राहतो आणि सकाळी कामावर येतो. रात्री दार ठोठावणाऱ्याला जो नावाने, नात्याने ओळखतो, सोबतीला गेला तर नर्सला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग, त्याच माणसासाठी घर नाही. कुंपणाच्या उंचीवर वाद घालण्याआधी हे सुटावे.

राहिला पैशाचा मुद्दा. पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने २०१४ मध्ये दीडशेपर्यंत दुर्गम वस्त्या बंद करण्याची भाषा केली, आणि पुढल्या वर्षी पंतप्रधान टोनी ॲबट म्हणाले की तिथे राहणे ही ‘जीवनशैलीची निवड’ आहे, करदात्यांनी ती पोसू नये. साठ हजार वर्षांच्या वास्तव्याला निवड म्हणायला वेगळीच छाती लागते. ॲबट यांच्याच पक्षाच्या केंद्र सरकारने २०१८ पासून दुर्गम भागातल्या डायलिसिसला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून दर खेपेचे पैसे द्यायला सुरुवात केली, हे इथे आवर्जून सांगायला हवे. जे अशक्य होते त्याचा दरपत्रकात नंबर लागला.

आदिवासी आणि इतर नागरिक यांच्यातली दरी मिटवण्यासाठी झालेल्या २०२० च्या राष्ट्रीय करारात सर्व सरकारांनी आदिवासी संस्थांबरोबर निर्णयाचा अधिकार वाटून घ्यायचे कबूल केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या उत्पादकता आयोगाने अहवाल दिला की कारभार बहुतांशी पूर्वीसारखाच चालू आहे. अशा वेळी ‘संस्कृतीला साजेसे’ हे शब्द निविदेत आणखी ठळक करून काही साधणार नाही. निविदेत दोन कलमे घाला. नकाशा नाकारण्याचा लेखी अधिकार त्या गावच्या आरोग्य संस्थेला असेल, आणि नकार आला तर मुदत वाढेल पण निधी परत जाणार नाही. दुसरे, मंजूर खर्चातच दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम, गावात राहणाऱ्या प्लंबरच्या पगारासकट, बाजूला काढलेली असेल आणि ती बांधकामाकडे वळवता येणार नाही. खर्च वाढतो अशी तक्रार ज्या खात्याला करायची असेल, त्याने त्याच पानावर रुग्णांना विमानाने शहरात हलवण्याचा वार्षिक खर्चही मांडावा.